सगळं मैत्रिणीलाच सांगायचं का?

इंग्लंडमधल्या स्लाऊहून आलेल्या पत्रात तीन प्रश्न आहेत. मी मुख्यतः एकाबद्दलच बोलणार आहे, कारण तो आपल्याकडे घरोघरी आहे.

"काकू, ऑफिस सुटलं की मी रोज मैत्रिणीला फोन करते. नवऱ्याशी होणारी भांडणं, रात्र रात्र न लागणारी झोप, सगळं तिलाच सांगते. परवा ती म्हणाली, तू थेरपिस्टकडे का जात नाहीस? फार लागलं मला. मी काय वेडी आहे?"

लागणारच गं. इथे ना आई जवळ, ना बहीण. जी मैत्रीण मिळते तीच माहेर होते. पण तुझ्या एवढ्या लांब पत्रात तिच्या घरी काय चाललंय याची एक ओळही नाही. तीही इथे एकटीच आहे ना?

माझ्या धाकट्या दिरांची नोकरी गेली तेव्हा ते रोज रात्री मित्राला फोन करायचे. मित्र सज्जन. "होईल रे सगळं ठीक" म्हणायचा. दुसरं काय म्हणणार बिचारा? पुढे पुढे तो फोन उचलेनासा झाला, आणि दिरांना वाटलं, आता मित्रही गेला. शेवटी ते थेरपिस्टकडे गेले. तिनं पहिल्याच भेटीत विचारलं, झोप किती लागते, सकाळी उठून काय करता, जीव द्यावासा वाटतो का. हा शेवटचा प्रश्न मित्राच्या तोंडून निघणं कठीण. मग तिनं रोजची वही लिहायला लावली, दिवसाला एक छोटं काम ठरवून दिलं. ते सावरले, आणि मित्रही परत आला. आता दोघं फोनवर क्रिकेटबद्दल भांडतात. मैत्रीचं काम ते.

तू लिहितेस, "परक्या माणसापुढे घरची लक्तरं कशी काढू?" अगं, मैत्रिणीचा नवरा तुझ्या नवऱ्याबरोबर मंडळात गणपतीची वर्गणी गोळा करतो, हे तूच लिहिलं आहेस. तिनं कितीही जपलं तरी तिला रोज तुझ्या नवऱ्याशी हसून बोलावं लागतं. थेरपिस्टवर गोपनीयतेचं बंधन असतं; कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल तर गोष्ट वेगळी.

इंग्लंडमध्ये 18 वर्षांवरच्या आणि जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवलेल्या कुणालाही 'एनएचएस टॉकिंग थेरपीज' या सरकारी आरोग्यसेवेच्या समुपदेशन सेवेकडे स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. जीपीची चिठ्ठी लागत नाही, पैसे पडत नाहीत. मराठीत बोलायचं असेल तर दुभाषा माग. व्हिसासाठी वर्षाला 1,035 पौंडांचा आरोग्य अधिभार भरता ना? मग सेवा घ्यायला संकोच कसला! आणि उपचार घेतले म्हणून व्हिसा जात नाही. गेल्या दोन आठवड्यांबद्दल एक 9 प्रश्नांची आणि एक 7 प्रश्नांची प्रश्नावली देतील. तिथे "तसं बरं चाललंय" म्हणू नकोस, आपली ती सवय फार वाईट. नंबर लागायला वेळ लागू शकतो. खासगीत जाणार असशील तर नाव मान्यताप्राप्त संस्थेच्या यादीत आहे का ते आधी बघ, कारण या देशात कुणीही स्वतःला काउन्सेलर म्हणवू शकतो. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर थांबू नकोस. एनएचएसचा 111 नंबर लावून 2 दाब, किंवा समॅरिटन्स या मदतसंस्थेला 116 123 वर फोन कर. दोन्ही रात्रंदिवस चालू असतात.

मैत्रिणीला या रविवारी जेवायला बोलाव. तिलाही बोलू दे.

बाकीचं थोडक्यात. मुलगा इंग्रजीत उत्तर देतो? देऊ दे, तू मराठीतच बोलत राहा. आणि सासूबाईंचं तिकीट अजून काढलेलं नाही ना? मग सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचं काढा, आणि हे त्यांना नवऱ्यानं सांगायचं, तू नाही.