ट्रॅक्टर उघडणाऱ्या पोराला काय शिकवावं?

नमस्कार भाऊ,

दारव्हा तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलाला दहावीत ८४ टक्के, गणितात उत्तम मार्क. सुट्टीत तो गावच्या मिस्त्रीकडे ट्रॅक्टर उघडतो आणि कमी डिझेल पिणारं, धूर न सोडणारं इंजिन बनवायचं म्हणतो. त्याचे मामा म्हणतात, आता सगळं इलेक्ट्रिक होणार, पोराला कॉम्प्युटरला टाका. अकरावी सायन्स की डिप्लोमा, हा तुमचा प्रश्न.

मामांची काळजी खोटी नाही. दुचाक्या, ऑटो, शहरातल्या बस बॅटरीकडे वळल्यात. पण दिवसभर नांगर ओढणारा ट्रॅक्टर, हार्वेस्टर, लांब पल्ल्याचा ट्रक बॅटरीवर नेणं अजून अवघड आणि महाग आहे. डिझेल जळतंय तोवर ते कमी आणि स्वच्छ जाळणारी माणसं लागणारच. १ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे सरकारी निकष लागू झाले, मधली बीएस-५ ची पायरी गाळून. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइड या धुरातल्या घातक वायूंची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. ट्रॅक्टरचे निकष वेगळे आहेत. ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना ते जानेवारी २०२३ पासून कडक झाले. आपल्या गावातले बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचेच, म्हणजे काम किती बाकी आहे बघा.

आणि हे काम सोपं नाही, हे मुलाला आत्ताच कळू द्या. सिलिंडरमध्ये ज्वाला जास्त तापली की काजळी कमी होते, डिझेलही वाचतं, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. ते कमी करायला ज्वाला थंड ठेवली की काजळी परत येते. या ओढाताणीतून वाट काढण्यातच या इंजिनिअरांचं आयुष्य जातं. नव्या ट्रकमध्ये डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते, ती त्यातूनच आली. ते द्रावण गरम धुरात फवारलं की नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं.

मुलाला एक प्रयोग करायला सांगा. पुढच्या नांगरणीला ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरायची. एक एकर नांगरायचं, त्याच जागी आणून मापानं पुन्हा काठोकाठ भरायची. किती डिझेल गेलं ते वहीत लिहायचं. दुसऱ्या एकराला एकच गोष्ट बदलायची: एअर क्लीनर साफ करायचा, किंवा एक गियर वर टाकून रेस कमी ठेवायची. जमीन तीच, नांगराची खोली तीच. काळा धूर निघत असेल तर हवा कमी पडतेय की नोझल खराब आहे, हे मिस्त्रीला विचारायचं. नट-बोल्ट उघडता येणारी पोरं पुष्कळ आहेत. मोजून लिहिण्यात ज्याचं मन रमतं, त्याला मी बिनधास्त या वाटेला पाठवतो.

माझं मत डिप्लोमाकडे आहे, आणि शाखा मेकॅनिकल. त्याचा हात यंत्रावर बसलाय, त्याला दोन वर्षं क्लासच्या बाकावर बसवून ठेवू नका. अमरावती, यवतमाळ दोन्हीकडे सरकारी तंत्रनिकेतन आहे. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, मग डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एक खड्डा मात्र आहे. डिप्लोमाची मुलं पुढे गणितात अडखळतात. म्हणून अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस त्यानं सोबतच करायचं, टाळाटाळ चालणार नाही.

ऑटोमोबाईल शाखा का नको? मेकॅनिकलमध्ये उष्णतेचं शास्त्र पायापासून शिकवतात, आणि ते इंजिनपुरतं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा बॅटरी थंड कशी ठेवायची हा प्रश्नही उष्णतेचाच. मामांचं म्हणणं उद्या खरं ठरलं तरी पोरगं रिकामं बसणार नाही. डिग्रीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत किंवा आयआयटीत एमटेक करता येईल. पुण्याची एआरएआय ही संस्था गाड्या रोलरवर पळवून त्यांचा धूर ग्रॅममध्ये मोजते. नागपूरजवळच्या हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. अशा ठिकाणी नजर ठेवावी.

पैशाचं म्हणाल, तर प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, दोन्हींचे नियम बघून घ्या. उत्पन्नाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला रांगा लागतात.