नव्वद गुण आणि तरीही तिसरा क्रमांक

प्रश्न : २०२३-२४ च्या हंगामात लीड्स युनायटेडने इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगमध्ये ९० गुण मिळवूनही वरच्या श्रेणीतील, म्हणजे प्रीमियर लीगमधील प्रवेश गमावला. वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठी झालेल्या अंतिम सामन्यात लीड्सच्या डॅनियल जेम्सचा फटका आडव्या खांबावर आदळला, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने माझा हात घट्ट धरला होता. चौथ्या क्रमांकाच्या साउथॅम्प्टनने वर जावे, हा अन्याय नव्हे काय? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपली हळहळ मला मनापासून समजते, कारण मीही त्याच संघाचा चाहता आहे; परंतु याला अन्याय म्हणायला माझे मन धजत नाही. तेव्हा ४६ सामन्यांनंतर पहिले दोन संघ थेट वर जात आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना उरलेल्या एका जागेसाठी पुन्हा झुंजावे लागे, हा नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता. शिवाय साउथॅम्प्टनने त्या हंगामात लीगमधील दोन्ही सामन्यांत लीड्सला हरवले होते. वेम्बली मैदानावरील त्या अंतिम सामन्यातला ०-१ हा तिसरा पराभव. मला खरा सल वेगळाच आहे. शेवटच्या चार लीग सामन्यांपैकी तीन लीड्सने गमावले. त्यांतील ब्लॅकबर्न आणि क्वीन्स पार्क रेंजर्स यांच्याविरुद्धचे दोन जरी जिंकले असते, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या इप्सविचइतकेच ९६ गुण झाले असते, आणि समान गुण असताना पाहिला जाणारा गोलफरक (केलेले वजा स्वीकारलेले गोल) तर लीड्सचाच सरस होता. पुढच्याच हंगामात १०० गुणांसह विजेतेपद मिळाले, तेव्हा आपल्या मुलाने पुन्हा आपला हात धरला असेल.