अंगात टायफॉइड, अन् मालक म्हणतो गाडी काढ

प्रश्न : काका, नमस्कार. मी वाळूजला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं स्टाफ बस चालवतो. वय ४३, पगार १६ हजार. मालकाच्या १४ बस आहेत. यंदा, २०२४ च्या ऑगस्टात मला टायफॉइड झाला. गावच्या डॉक्टरांनी १५ दिवस आराम लिहून दिला. सहाव्या दिवशी मालकाचा फोन : ‘बसूनच तर काम आहे, कुठं पोती उचलायचीत? उद्या आला नाहीस तर दुसरा ड्रायव्हर बघतो.’ मी गेलो. तिसऱ्या दिवशी सिग्नलला डोळ्यांपुढं अंधारी आली. गाडी उभी होती म्हणून निभावलं. आता परत घरी पडून आहे. आधीच्या पाच दिवसांचा पगार कापलाय. ड्रायव्हरला आजारपणाची रजा असते का नाही?
– एक वाचक, गंगापूर तालुका

उत्तर : भाऊ, डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका. रजेचं त्यानंतर बोलू.

‘बसूनच तर काम आहे’ हे मीही ऐकलंय, आणि खरंही मानलंय. रात्रीची सोलापूर-बीड गाडी होती. अंगात ताप. सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या आणि निघालो. कंडक्टरनं तीनदा घंटी मारली, शेवटी केबिनवर थाप मारली, तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला. चौसाळा दोन किलोमीटर मागं राहिलं होतं. तिथं उतरणारी म्हातारी दारात उभी राहून रडत होती. चौसाळ्याचे दिवे मी पाहिलेच नव्हते. गाडीत पन्नासेक माणसं, अन् पुढं मांजरसुंब्याचा घाट. गाडी बाजूला घेऊन मी उतरलो, तर गुडघे लटलटत होते. ती म्हातारी मी विसरलेलो नाही.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८६ व्या कलमानं, आपण शरीरानं किंवा मनानं गाडी चालवण्यालायक नाही हे ठाऊक असूनही सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणं, आणि त्यातून लोकांना धोका होणं, हा गुन्हा आहे. पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी २,०००. आणि १८८ वं कलम म्हणतं, असं करायला जो भाग पाडेल त्यालाही तीच शिक्षा. मालकाला एवढं एकच कलम वाचून दाखवा. फोन येईल तेव्हा ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ असा मेसेजही लिहून ठेवा. तोंडी बोलणं उद्या कुणी कबूल करत नाही.

आता पैशाचं. पगाराच्या चिठ्ठीवर ‘ईएसआय १२०’ अशी कपात, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, दिसते का बघा. १६ हजारांवर पाऊण टक्का म्हणजे तेवढीच होते. दहा किंवा जास्त कामगार आणि २१ हजारांपर्यंत पगार असला की ही वर्गणी भरावीच लागते. गेल्या ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल तर आजारपणात रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. तुमच्या हिशोबानं दिवसाला साधारण पावणेचारशे. आजारपणाचे पहिले दोन दिवस मात्र धरत नाहीत. हे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, विम्यातून येतात. हे त्यालाही सांगा, निम्मा राग तिथंच उतरतो. हे पैसे मिळत असतानाच्या दिवसांत कामावरून काढता येत नाही, असा विम्याच्या कायद्याचा नियम आहे.

तुमची एक चूक झाली. गावच्या डॉक्टरांचा कागद घेऊन घरी बसलात. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तो पहिल्याच दिवशी काढायचा असतो. उद्याच जा. विमा कार्ड, गावच्या डॉक्टरांचा कागद, रक्ताचा रिपोर्ट सोबत न्या आणि मागच्या दिवसांचंही तिथंच विचारा.

कापलेल्या पाच दिवसांसाठी वेगळा अर्ज करा. कायद्यानं, वर्षात ठरलेले दिवस काम झालेल्याला दर २० दिवसांमागं एक भरपगारी रजा आहे. ती शिल्लक असेल तर हे दिवस तिच्यात धरा म्हणा. अर्जाची एक प्रत सही-शिक्क्यानिशी आपल्याकडं ठेवा. मालकानं नाही म्हटलं तर तीच प्रत घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

परत कामावर जाताना विम्याच्या डॉक्टरांकडून कामावर रुजू होण्याचा दाखला घ्या. त्यांना ती सिग्नलवरची अंधारी नक्की सांगा. पगार बुडेल म्हणून ड्रायव्हर नेमकं तेच लपवतो.