आधी रक्त बघ, मग गाठ

तोंडाच्या कर्करोगावर काम करायला आलीस, बरं झालं. आपल्या नागपुरात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाऊन तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी तरुण पोरं ओपीडीत बसलेली दिसतात, जीव तुटतो. म्हणूनच सांगते, गाठीच्या डीएनएत फरक दिसला की लगेच ‘म्युटेशन सापडलं’, म्हणजे गाठीत नव्याने झालेला बदल सापडला, असं म्हणू नकोस.

आपण बघतो तो मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा, डीएनए छोटासा, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. आपण तो ज्या प्रमाण क्रमाशी ताडून बघतो, तो युरोपीय वंशरेषेतला. आपल्याकडे ‘एम’ ही मातृवंशरेषा भरपूर आढळते. माझ्या पहिल्याच नमुन्यात १०४०० व्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ निघाला आणि मी दोन दिवस हुरळून गेले होते. मग त्याच पेशंटचं रक्त तपासलं, तर तिथेही तोच ‘टी’! आईकडून आलेली ‘एम’ची खूण ती, कर्करोगाशी तिचा काही संबंध नाही. तेव्हापासून जोडीला रक्त नसेल तर मी गाठीचा नमुना घेतच नाही.

३०३ ते ३१५ मधली ‘सी’ची रांग यंत्राला नीट मोजता येत नाही, तिथे जपून. केंद्रकातही मायटोकाँड्रियाच्या तुकड्यांच्या जुन्या नकला असतात, त्याही फसवतात.

आणि एका पेशीत या डीएनएच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे बदल किती टक्के प्रतींत आहे ते लिहायचंच. मूत्रपिंडाच्या ऑन्कोसायटोमा गाठींत ‘कॉम्प्लेक्स-१’ (मायटोकाँड्रियातल्या ऊर्जा बनवण्याच्या साखळीतला एक प्रथिनसमूह) मोडणारे बदल बहुतेक प्रतींत पसरलेले सापडतात, तिथे त्यांना वजन आहे. दोन-चार टक्क्यांवरून कारण सांगायला जाऊ नकोस.

वहीत खर्रा किती वर्षांपासून, दिवसाला किती पुड्या, हेही टिपून घे. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.