नाशिकमधलं घर रिकामं करतोय. जुन्या वस्तू संस्थेला द्याव्यात की परिसरातल्या ग्रुपवर टाकाव्यात?

तुम्ही लिहिलंय की बाबा गेल्यावर आई आता तुमच्याकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला येतेय आणि कॉलेज रोडचा फ्लॅट दीड महिन्यात रिकामा करून द्यायचाय. तिकडे पिशव्या भरून चॅरिटी शॉपमध्ये नेऊन देता, तसं इथे काही आहे का, की ‘नको ते द्या, हवं ते न्या’ अशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी गंगापूर रोडला राहते. आमच्या भागातला असा ग्रुप आम्ही काही जणी मिळून सांभाळतो, आणि दिवाळीच्या आसपास एका संस्थेत आलेले कपडे निवडायलाही जाते. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

माझं मत स्पष्ट आहे. चालू स्थितीतली मोठी, सुटी वस्तू ग्रुपवर टाका. संस्थेला फक्त तेच द्या जे त्यांनी स्वतःहून मागितलंय. आणि ज्याला बाजारात भाव आहे ते विकून पैसे द्या.

तिकडचं चॅरिटी शॉप हे मुळात दुकान आहे. ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर 1940च्या दशकाच्या अखेरीस असं दुकान सुरू केलं, तेव्हापासून रीत तीच: तुम्ही दिलेला कोट गरजूच्या अंगावर जात नाही, तो कुणीतरी विकत घेतं आणि ते पैसे संस्थेच्या कामाला लागतात. म्हणून तिथे जोडी हरवलेली कपबशीसुद्धा चालते, गिऱ्हाईक मिळालं की झालं. आपल्याकडच्या आश्रमशाळेला किंवा वृद्धाश्रमाला असं दुकान नसतं. दारात आलेली पिशवी एकतर वापरली जाते, नाहीतर खोलीत पडून राहते. मी निवडायला बसते तेव्हा चांगल्या स्वेटरच्या खाली चेन तुटलेली पँट निघते, लग्नातली शेरवानी निघते, एकाच पायातली चप्पल निघते, आणि एखादी चादर अशी दमट असते की तिच्यामुळे अख्खी पिशवी वास मारते. हे सगळं उपसणाऱ्या मावशींना दुपारी मुलांचा स्वयंपाकही करायचा असतो. उरलेलं घंटागाडीत टाकायचं कामही त्यांच्याच माथी. देणाऱ्याला मात्र वाटतं, आपण दान केलं.

ग्रुपवर उलटं होतं. तिथे हवंय म्हणणारं माणूस आधी पुढे येतं आणि वस्तू मागून जाते. अमेरिकेत 2003 साली टूसॉनमध्ये फ्रीसायकल सुरू झालं, 2013 मध्ये बेनब्रिज बेटावरून ‘बाय नथिंग’ची चळवळ निघाली, त्यांचंही सूत्र हेच: फुकट, जवळच्या जवळ, आणि मागणाऱ्याच्या हातात. आमच्या ग्रुपवर मागच्या पावसाळ्यात एका आजींचं पायाचं शिलाई मशीन आलं होतं. सिडकोतून ब्लाऊज शिवणाऱ्या एक ताई बघायला आल्या, त्या येतानाच भरलेली बॉबिन आणि चिंधी घेऊन. आधी त्यांनी चामड्याचा पट्टा दाबून बघितला, मग चाक हातानं सावकाश फिरवून आवाज ऐकला. चिंधीवर दोन शिवणी मारल्या आणि ती उलटी करून खालचे टाके तपासले. म्हणाल्या, ‘शटल झिजलंय, पण ते मिळतं.’ मशीन घेऊन गेल्या. हेच मशीन एखाद्या संस्थेत गेलं असतं तर ते चालवता येणारं माणूस तिथे असेलच याची काय खात्री?

तुमची कपाटं, दिवाण, गाद्यांशिवायचा पलंग, कूलर, मिक्सर हे सगळं असंच जाईल. फक्त पोस्ट नीट लिहा. मी लोकांना असं लिहायला सांगते: ‘देणे आहे. लोखंडी कपाट, उंची साडेसहा फूट, रुंदी तीन, खोली दीड. लॉकरची किल्ली नाही, मागचा एक पाय वाकलाय. तिसरा मजला, लिफ्टमध्ये मावत नाही. गाडी आणि माणसं घेणाऱ्याने आणावीत. शनिवारी-रविवारी सकाळी.’ जे मोडलंय ते आधीच सांगितलं की छोटा हत्ती दारात उभा असताना वाद होत नाहीत. फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकू नका, तो ठरलेल्या माणसालाच कळवा. काही जण नेऊन विकतात अशी तक्रार नेहमी येते. मला त्यात गैर वाटत नाही. ज्याने ओझं उचललं, टेम्पोचं भाडं दिलं, दुरुस्ती केली, त्याला चार पैसे मिळाले तर मिळू देत.

पण ग्रुपची एक बाजू मला खरंच खटकते. सोसायटीच्या ग्रुपवर सोसायटीतलीच माणसं असतात. तुमच्या आईकडे वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या मावशी त्यात नसतात, वॉचमनदादा नसतात. म्हणून पोस्ट टाकण्याआधी त्यांना घर दाखवा आणि मोकळेपणानं विचारा, ‘यातलं काही उपयोगाचं आहे का? नको असेल तर नको म्हणा.’ हे दुसरं वाक्य म्हणायला विसरू नका. मालकांच्या घरचं नको म्हणणं अवघड जातं, आणि मग दहा बाय दहाच्या खोलीत तुमचा सोफा जाऊन बसतो.

कपड्यांचं वेगळं आहे. बाबांचे कपडे आधी आईला बघू द्या, तिला काय ठेवायचंय ते तिचं ती ठरवेल. नातेवाईक रामकुंडावर सोडायला सांगतील. कृपा करून गोदावरीत काही सोडू नका. तिथे सोडलेला कपडा पाण्यात अडकतो आणि शेवटी कुणीतरी हातानं ओढून काढतो. शर्ट-पँट धुऊन, बटणं लावून, मापाप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे बांधा आणि मग संस्थेला फोन करा. स्वेटर, शाली, रग यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खरी मागणी असते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या पाड्यांवर थंडीत काम करणारे गट तेव्हा स्वतःच विचारत असतात. तुम्ही तोवर इथे नसाल तर गठ्ठा माझ्यासारख्या कुणाकडे ठेवून जा. आईच्या मऊ सुती साड्यांना गोधडीसाठी हमखास कुणीतरी हात पुढे करतं. बाकी सुती कापडासाठी गूंजचा विचार करा. अंशू गुप्तांनी 1999 मध्ये सुरू केलेली ही संस्था आलेलं कापड निवडते, जुन्या सुती कपड्यांपासून पाळीसाठी कापडी पॅडही करते, आणि गावकऱ्यांनी आपल्याच गावात रस्ता, तळं, विहीर असं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून कपडे आणि सामान देते. गुप्तांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याला कमीपणा येऊ न देण्याची ही पद्धत मला मनापासून पटते. जवळचं संकलन केंद्र त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

बाबांच्या आजारपणातलं वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड असेल तर ते ग्रुपवर नको. रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देणाऱ्या मंडळांना द्या. एका घरी काम संपलं की ते परत येतं आणि पुढच्या घरी जातं. ग्रुपवरून गेलेलं वॉकर मात्र बहुतेक वेळा कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन थांबतं.

पितळेचे हंडे, तांब्याचं घंगाळ, परात असेल (नाशिकच्या जुन्या घरात असतंच) तर ते फुकट वाटू नका. भांडी बाजारात वजनावर भाव काढा, विका आणि ती रक्कम संस्थेला द्या. चॅरिटी शॉपचं काम इथे तुम्हालाच करायचंय असं समजा. वस्तू दिल्यावर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, पैशांवर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि रोख दिले तर फक्त 2000 रुपयांपर्यंत.

पुस्तकांबद्दल थोडक्यात: पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना सरकारकडून मोफत मिळतात, ती द्यायला धावू नका. स्पर्धा परीक्षेची, अकरावी-बारावीची चालू अभ्यासक्रमाची पुस्तकं ग्रुपवर तासाभरात जातात. जुनी मराठी पुस्तकं असतील तर यादी करून सार्वजनिक वाचनालयात विचारा. 1840 पासूनचं वाचनालय आहे, त्यांच्याकडे काय नाही ते त्यांनाच ठाऊक. यादी न करता पोती नेऊ नका.

जुना डबा टीव्ही असेल तर तो कुणाच्याही गळ्यात मारू नका. त्याच्या काचेत शिसं असतं, फोडला की ते फोडणाऱ्याच्या हाताला आणि मातीला लागतं. अधिकृत ई-कचरा केंद्रालाच द्या. उरलेली औषधंही कुणाला देऊ नका.

आणि गॅस सिलिंडर-रेग्युलेटर शेजाऱ्यांना देऊन टाकायचा मोह होईल. ते कंपनीच्या मालकीचे असतात आणि जोडणी बाबांच्या किंवा आईच्या नावावर असते. एजन्सीत जाऊन जोडणी परत करा, अनामत परत मिळते. जोडणी बाबांच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि आईचं आधार कार्ड सोबत न्या, आणि हे काम आई नाशिकमध्ये असतानाच उरकून घ्या. जोडणीची मूळ पावती सापडत नसेल तरी ग्राहक क्रमांक घेऊन जा, त्यावरून पुढे काय करायचं ते एजन्सीवाले सांगतात.