बाबा ६७ वर्षांचे आहेत, या वयात गोल्फ सुरू केला तर तब्येतीला खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय ते असं: बाबा निवृत्त होऊन काही वर्षं झाली, बीपीची गोळी चालू, साखर काठावर, उजवा गुडघा कुरकुरतो. ऑफिसातला जुना मित्र त्यांना गोल्फला ओढतोय आणि आई म्हणते, "श्रीमंतांची थेरं नुसती. त्यापेक्षा बागेत चार फेऱ्या मारा." कोणाचं खरं मानायचं?

दोघांचंही खरं आहे, आईंचं जरा जास्त.

मी मूळचा नाशिकचा. आमच्याकडे 'गोल्फ क्लब' म्हणजे एक मैदान. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हटलं की पुरे. तिथे रणजीचे सामने झालेत, पहाटे ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी असते, गोल्फची काठी मात्र मी तिथे जन्मात पाहिली नाही. त्यामुळे नोकरी संपल्यावर, बासष्टाव्या वर्षी नवी मुंबईत पहिल्यांदा हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरला तेव्हा मलाही ही थेरंच वाटत होती. आता एक्काहत्तरावं चालू आहे. आठवड्यातून दोनदा खेळतो, बहुतेक वेळा अठराऐवजी नऊच होल (एक होल म्हणजे चेंडू एका भोकात घालेपर्यंतचा टप्पा), आणि अजूनही वाईट खेळतो.

आईंचं जास्त खरं अशासाठी की म्हातारपणी गोल्फमधून जे मिळतं, त्यातलं बहुतेक चालण्यातून मिळतं. अठरा होल पायी खेळले की साधारण दहा किलोमीटर होतात, अकरा-बारा हजार पावलं सहज पडतात आणि चार-साडेचार तास मोकळ्या हवेत जातात. नऊ होलचं याच्या निम्मं धरा. आता हेच अंतर बागेत चाला म्हटलं तर मी तिसऱ्या फेरीला मोबाईल काढतो आणि चौथ्या फेरीला बाकावर बसतो. गोल्फमध्ये आपण चालतोय हे ध्यानातच राहत नाही, कारण सगळं चित्त त्या चेंडूपाशी. शिवाय नवशिक्याचा चेंडू सरळ जातो कुठे? उजवीकडे झुडपात, तिथून डावीकडे नाल्यात, मग पुन्हा मध्ये. मुरलेल्या खेळाडूपेक्षा नवखा माणूसच जास्त चालतो. खेळ वाईट, व्यायाम उत्तम.

थंडीच्या दिवसांत आम्ही सकाळी पावणेसातला पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे) उभे राहतो, तेव्हा गवतावर इतकं दव असतं की दुसऱ्या होलपर्यंत मोजे भिजलेले असतात. चेंडू गवतावरून गेला की मागे एक काळपट रेघ उमटते, हरवला तर त्या रेघेमागून चालत जायचं. एप्रिल-मेमध्ये फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला टिटवी अंडी घालते, नुसत्या खड्यांत. घरटं म्हणावं असं काही नसतंच. आमचे कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे), ज्यांना सगळे मामा म्हणतात, तिथे लाल चिंधी बांधलेली काडी रोवून ठेवतात. त्या बाजूला गेलेला चेंडू आम्ही टिटवीला सोडतो. मामांचं वय माझ्याइतकंच. रोज किमान एक डाव, खांद्यावर दुसऱ्याची बॅग घेऊन, पावसाळा सोडला तर वर्षभर. त्यांच्या पोटऱ्या पाहिल्या की या खेळाचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला झालाय ते विचारावं लागत नाही.

म्हणून आधी कार्टचं, म्हणजे मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीचं, सांगतो, कारण मित्र पहिल्याच दिवशी बाबांना कार्टमध्ये बसवणार. अमेरिकेत, कोलोरॅडोत, आठ गोल्फरना नऊ होल चार तऱ्हांनी खेळायला लावून कॅलरी मोजल्या होत्या. कार्टमधून फिरून ४११, बॅग कॅडीकडे देऊन चालत ६१३, बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन ७२१ आणि चाकांची ट्रॉली ढकलत ७१८. माणसं आठच होती, तेव्हा आकडे डोक्यावर घेऊन नाचू नका. पण शेवटचे दोन आकडे बघा. ट्रॉली ढकलली तरी मेहनत जवळजवळ खांद्यावर ओझं वाहण्याइतकीच होते आणि पाठ वाचते. बाबांनी ट्रॉलीच घ्यावी. कार्टमध्ये बसून गोल्फ खेळायचा म्हणजे गाडीतून मंदिराला प्रदक्षिणा घालण्यासारखं आहे. देव रागावणार नाही, पण पायांना काय मिळालं?

आता 'गोल्फर पाच वर्षं जास्त जगतात' हे वाक्य. मित्र ते ऐकवणारच. ते स्वीडनहून आलंय. २००८ मध्ये कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी सुमारे तीन लाख स्वीडिश गोल्फरांच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. वय, लिंग आणि आर्थिक थर यांचा हिशेब धरूनही गोल्फरांमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघालं. आयुर्मानात मांडलं तर साधारण पाच वर्षं. म्हणजे आईंचा 'श्रीमंतांचा खेळ' हा आक्षेप त्यांनी आधीच विचारात घेतला होता. उलट तिथे कष्टाची कामं करणाऱ्या गोल्फरांमध्ये फरक जास्त दिसला.

तरीही मी त्या पाच वर्षांवर पैज लावणार नाही. ज्याचं हृदय, गुडघे आणि डोळे धड आहेत तोच सत्तरीत गोल्फ खेळत राहतो, ज्याचं बिघडलं तो घरी बसतो. आजारी माणसं अशी आपसूक गळाली की उरलेली धडधाकट दिसणारच. अमेरिकेतल्या एका पाहणीत ६५ वर्षांवरच्या सुमारे ५,९०० लोकांपैकी ३८४ जण महिन्यातून एकदा तरी गोल्फ खेळणारे होते. त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १५.१ टक्के, इतरांत २४.६ टक्के. ही बातमी २०२० मध्ये बरीच फिरली. पण त्याच पाहणीत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या प्रमाणात मात्र म्हणावा असा फरक निघाला नव्हता. हे मित्र सांगायचा नाही.

मला जास्त पटला तो २०२३ साली आलेला फिनलंडचा छोटा प्रयोग. ६५ च्या पुढचे २५ निरोगी गोल्फर. त्यांनी वेगवेगळ्या दिवशी तीन गोष्टी केल्या: अठरा होल पायी खेळले, सहा किलोमीटर साधे चालले आणि सहा किलोमीटर दोन्ही हातांत काठ्या टेकत चालले. तिन्हींनंतर वरचं बीपी उतरलं. रक्तातली साखर आणि चरबी यांच्या बाबतीत मात्र गोल्फ सरस ठरला, आणि तेही त्यात जोर कमी लागत असताना. कारण सरळ आहे, वेळ. झपाझप चालणं तासाभरात आटोपतं, गोल्फ सकाळ खातो. बाबांची साखर काठावर आहे म्हणून मुद्दाम सांगितलं. गोळी-डाएटला हा पर्याय नाही, पण आठवड्यातून दोन सकाळी असं चालणं झालं तर त्यांच्या डॉक्टरांना आवडेल.

चालण्यापलीकडे एक गोष्ट मला स्वतःला जाणवली, ती तोलाची. कोर्सवरची, म्हणजे गोल्फच्या मैदानावरची, जमीन सपाट नसते. उतारावर उभं राहायचं, एक पाय वर एक खाली, आणि अंग पिळून फटका मारायचा. भोकातून चेंडू काढायला नऊ वेळा वाकायचं. हाँगकाँगमध्ये २००४ साली ताई-ची हा संथ चिनी व्यायाम करणारे आणि गोल्फ खेळणारे वयस्क पुरुष तपासले होते. तोल न जाता किती झुकता येतं आणि गुडघ्याची स्थिती न बघता किती अचूक ओळखता येते, यात दोन्ही गट त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा बरे निघाले. आमच्या वयात पडणं ही बीपीइतकीच भीतीची गोष्ट आहे. मी पूर्वी पँट घालताना भिंत धरायचो, आता धरत नाही.

आता पाठ. इथे माझीच फजिती ऐका. सुरुवातीला, दुसऱ्याच महिन्यात, ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागी, शंभर चेंडूंची बादली घेतली आणि अंग मोकळं न करता, सगळ्यात लांब क्लबने, अर्ध्या तासात संपवली. शेजारी एक विशीतला पोरगा होता, त्याच्यापुढे कमी पडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजा घालायला वाकता येईना. तीन आठवडे गेले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला खुर्चीत बसवून उजवीकडे वळायला सांगितलं आणि म्हणाल्या, "काका, पस्तीस वर्षं टेबलाशी बसून तुमचे खुबे आणि पाठीचा वरचा भाग आखडलाय. पिळायचं काम त्यांचं. ते वळत नाहीत म्हणून कंबर वळतेय, आणि कंबरेचे मणके त्यासाठी केलेलेच नाहीत." हौशी गोल्फरांमध्ये कंबरदुखी ही नेहमीची तक्रार आहे, त्याखालोखाल कोपर, मनगट, खांदा. आता मी आधी दहा मिनिटं चालतो, खुबे फिरवतो, लहान क्लबने अर्धे फटके मारतो आणि तीस चेंडूंवर थांबतो. बाबांनी पहिले दोन महिने फक्त पटिंग (भोकाजवळचे हलके फटके) आणि छोटे फटकेच करावेत, शिकवणाऱ्याकडून. यूट्यूबवर बघून स्विंग शिकू नये, ते व्हिडिओ पंचविशीच्या कंबरेसाठी असतात.

गुडघ्याचं: उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर फिरकीचा भार जास्त येतो. बाबांचा कुरकुरणारा उजवा आहे, हे त्यातल्या त्यात बरं. डावं पाऊल थोडं बाहेर वळवून उभं राहिलं की तोही भार कमी होतो. पण हाडांच्या डॉक्टरांना आधी दाखवाच. अमेरिकी गोल्फपटू टॉम वॉटसन २००९ च्या ब्रिटिश ओपन या मोठ्या स्पर्धेत ५९ व्या वर्षी शेवटच्या होलपर्यंत आघाडीवर होता, आणि जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी त्याचा खुबा बदललेला होता. शेवटी प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, हरला, ते सोडा. सांधा बदलल्यावरसुद्धा डॉक्टर ज्या मोजक्या खेळांना परवानगी देतात त्यांत गोल्फ असतो, एवढंच यातून घ्यायचं.

बाकीचं पटकन. मार्च ते मे सकाळी साडेनऊच्या आत घरी. टोपी, पूर्ण बाह्या, पाणी. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यांनी उन्हात चक्कर येऊ शकते, डॉक्टरांना विचारून घ्या. साखरेची गोळी सुरू झालीच तर खिशात राजगिऱ्याचा लाडू असू द्या. वळवाच्या दिवसांत किंवा ऑक्टोबरात गडगडाट ऐकू आला की डाव तिथेच सोडायचा, झाडाखाली थांबायचं नाही, हातात लोखंडी काठ्या आहेत हे विसरायचं नाही. आणि खेळ झाल्यावर कँटीनमध्ये बटाटेवडा आणि बिअर, ज्याला आम्ही एकोणिसावं होल म्हणतो, तिथे सगळी कमाई परत जाते.

पैशांचं आईंना खरं सांगा: मोठ्या क्लबांचं सभासदत्व परवडण्यासारखं नसतं. पण त्याची गरजही नाही. खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचा कोर्स आहे, मी तिथे फी भरून खेळायला लागलो. जुना अर्धा सेट पुरतो. चौदा क्लब घेऊन नवशिक्याला करायचंय काय?

मला यातून सगळ्यात जास्त काय मिळालं विचाराल तर तीन माणसं. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष मी घरात हिच्या पायात घोटाळत होतो, डब्यांवर लेबलं लावण्यापर्यंत मजल गेली होती. आता मंगळवारी मी नाही गेलो तर साडेसहाला फोन येतो. आमच्यात एकजण पंचेचाळिशीचा आहे, माझ्या दुप्पट लांब मारतो, पण हँडिकॅपमुळे, म्हणजे कच्च्या खेळाडूला सवलत देण्याच्या पद्धतीमुळे, मला इतके स्ट्रोक (फटके) सूट मिळतात की शेवटच्या होलपर्यंत चुरस राहते. बॅडमिंटनमध्ये त्याने मला पाच मिनिटांत गुंडाळलं असतं.

आणि आईंनाही न्या. आमची ही क्लबला हात लावत नाही, पण रविवारी नऊ होल बरोबर चालते, हातात पाण्याची बाटली आणि तोंडाने माझ्या फटक्यांवर टीका. घरी आल्यावर दोघांच्या फोनमधली पावलं ताडून बघतो. तिची दर वेळी कमी भरतात, कारण ती सरळ चालते.