डी२ चे पंच तुटतात म्हणून पावडर मेटलर्जीचं टूल स्टील घ्यावं का? ते आपण स्वतः बनवू शकतो का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. डी२ या टूल स्टीलचे ब्लँकिंग पंच (पत्र्यातून आकार कापणारे) कडेला तुटतात, तर पावडरचं स्टील वापरावं का, हा एक. पावडर आणून, प्रेसमध्ये दाबून, भट्टीत भाजून ते इथेच तयार करता येईल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: नाही.

पावडर मेटलर्जी म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतात ते सिंटर केलेले, म्हणजे दाबलेली पावडर भाजून केलेले, बुश आणि गिअर. त्यांच्यात छिद्रं राहतात. बुशमध्ये तर ती मुद्दाम ठेवतात, तेल धरायला. पंचाच्या कडेला मात्र प्रत्येक छिद्र म्हणजे आयती भेग. एम२ सारख्या हायस्पीड स्टीलची (ड्रिल-कटरच्या स्टीलची) पावडर व्हॅक्यूम भट्टीत भाजून जवळजवळ पूर्ण घट्ट करता येते, तसे भाग बनलेलेही आहेत. पण त्यासाठी १२४० अंशांच्या आसपास अगदी थोड्या अंशांच्या पट्टीत तापमान धरावं लागतं. खाली राहिलात तर छिद्रं उरतात आणि वर गेलात तर कार्बाइड (स्टीलमधले कार्बन आणि धातूंचे कडक कण) फुगून जाड होतात. म्हणजे ज्या बारीक कार्बाइडसाठी पावडर वापरली तेच हातचे जातात.

टूल स्टीलचा रस्ता वेगळा आहे. वितळलेल्या स्टीलच्या धारेवर नायट्रोजनचा जोरदार झोत मारतात. धारेचे थेंब होतात आणि ते हवेतच, क्षणात गोठतात. ही गोल पावडर स्टीलच्या डब्यात भरून, आतली हवा काढून, डबा वेल्ड करून बंद करतात. मग ११०० अंशांच्या वर, साधारण १००० बार दाबाच्या आर्गॉनमध्ये तो तासन्‌तास ठेवतात. यालाच हिप, म्हणजे हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग म्हणतात. बाहेर येतो तो पूर्ण भरीव ठोकळा. पुढे तो नेहमीसारखा फोर्ज आणि रोल होतो. हिप मुळात १९५५ साली अमेरिकेत बॅटेल संस्थेत अणुइंधनाच्या कामासाठी निघालं. टूल स्टीलसाठी ते १९७० च्या सुमारास दोन ठिकाणी उभं राहिलं: अमेरिकेत क्रूसिबल कंपनीकडे सिरॅक्यूजला, आणि स्वीडनमध्ये आसिया व स्टोरा या कंपन्यांकडे सोडरफोर्सला.

पाण्याच्या झोतानं केलेली स्वस्त पावडर इथे चालत नाही. तिचे दाणे वेडेवाकडे असतात, आणि तिच्यात ऑक्सिजन हजार पीपीएमच्या (दहा लाखांत हजार भागांच्या) वर असतो. नायट्रोजनच्या पावडरीत तो सहसा शंभराच्या आत राहतो. कार्बाइड कितीही बारीक केले तरी ऑक्साइडचा एक मोठा कण मध्ये बसला की पंच तिथूनच फुटणार.

आता मूळ मुद्दा. डी२ मध्ये १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम. तो साच्यात ओततात, आणि असा मोठा ओतीव ठोकळा (इनगॉट) गोठायला तास लागतात, तेवढ्यात क्रोमियम कार्बाइड ऐसपैस वाढतात. फोर्जिंगमध्ये ते थोडे मोडतात आणि रोलिंगच्या दिशेनं पट्ट्यांनी लांबतात. काही तर ३०-५० मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पावडरच्या स्टीलमध्ये कार्बाइड १ ते ३ मायक्रॉनचे असतात, कारण प्रत्येक थेंब हाच एक इवलासा इनगॉट असतो आणि त्यात वाढायला ना वेळ ना जागा. अख्ख्या शेंगदाण्यांची चिक्की दाण्याच्या कडेनं मोडते, कुटाची चिक्की तशी मोडत नाही, इथेही तेच. दोन्हींत दाणे तेवढेच, पण भेग सुरू होते ती सगळ्यात मोठ्या दाण्यापाशी.

म्हणूनच मला ‘पावडरचं म्हणजे चिवट’ हे विक्रेत्यांचं वाक्य अर्धवट वाटतं. दाणे बारीक झाले की स्टील बनवणाऱ्याच्या हाती थोडा चिवटपणा शिल्लक राहतो. तो कुठे खर्च करायचा हे तो ठरवतो, आणि नवं स्टील विकसित करणं म्हणजे मुख्यतः हाच हिशेब.

उदाहरणार्थ, क्रूसिबलनं विकसित केलेलं पावडरचं स्टील १०व्ही: कार्बन २.४५ टक्के, व्हॅनेडियम ९.७५. ढोबळ नियम असा की एक टक्का व्हॅनेडियम साधारण ०.२ टक्के कार्बन बांधून ठेवतो. म्हणजे १.९५ कार्बन कार्बाइडमध्ये गेला आणि अर्धा टक्का उरला, तोच स्टीलला कडक करतो. यातल्या कार्बाइडचं एकूण प्रमाण डी२ इतकंच, १५-१६ टक्क्यांच्या आसपास. पण क्रोमियम कार्बाइड १५००-१८०० विकर्सचा (विकर्स हे कडकपणाचं माप), तर व्हॅनेडियम कार्बाइड सुमारे २८०० चा. त्यामुळे घासण्याची झीज सोसण्यात १०व्ही डी२ च्या कितीतरी पुढे, चिवटपणात मात्र डी२ च्या जवळपासच. शिल्लक सगळी झिजेवर खर्च केली. हेच मिश्रण इनगॉटमध्ये ओतलं असतं तर ते फोर्ज करतानाच तडकलं असतं.

याच्या उलट ३व्ही: कार्बन ०.८, व्हॅनेडियम २.७५, क्रोमियम ७.५. कार्बाइड थोडे, म्हणून ६० एचआरसी (रॉकवेल) कडकपणाला धक्का सोसण्यात डी२ च्या तिपटीच्या घरात. उडेहोम कंपनीचं व्हॅनाडिस ४ एक्स्ट्रा (कार्बन १.४, व्हॅनेडियम ३.७) या दोहोंच्या मधलं.

तुमचा पंच तुटतोय, झिजत नाहीये. मग १०व्ही घेऊन काय साधणार? ३व्ही किंवा ४ एक्स्ट्रा यांचाच विचार करा. काचेचे तंतू घातलेलं प्लास्टिक किंवा तसंच घासणारं काही कापत असाल तरच १०व्ही. आणि त्याआधी पंच आणि डायमधला क्लिअरन्स (फट) आणि प्रेसचं अलाइनमेंट बघून घ्या. पंच एका बाजूला ओढला जात असेल तर किलोला कित्येक पट महाग स्टीलही तिथेच तुटेल, फक्त थोडं उशिरा.

घेतलंच तर हीट ट्रीटमेंटवाल्याला ‘डी२ सारखंच करा’ असं सांगू नका. व्हॅक्यूममध्ये हार्डनिंग आणि ग्रेडच्या तक्त्याप्रमाणे ५४० अंशांच्या आसपास तीनदा टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं) करून घ्या, दर वेळी पूर्ण थंड होऊ देऊन. व्हॅनेडियम जास्त असेल तर ग्राइंडिंगला साधं अॅल्युमिनाचं व्हील काम करत नाही, कारण कार्बाइड व्हीलपेक्षा कडक असतो. अशा वेळी सीबीएनचं (क्युबिक बोरॉन नायट्राइडचं) व्हील लावा, नाहीतर कड जळेल. वायरकटनं (तारेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीननं) प्रोफाइल काढत असाल तर शेवटचे कट हलके ठेवा, वरचा पांढरा ठिसूळ थर पॉलिश करून काढा, आणि आधीच्या टेंपरिंगपेक्षा २५ अंश कमी तापमानाला आणखी एक टेंपरिंग द्या.